हरेल तो गच्चीवर

कुरडयांचा चीक शिजायला लागला की बायकांना म्हणे माहेर आठवतं. मला बुद्धिबळ आठवतं.

हे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून सांगत नाही. पण गेल्या आठवड्यात एका दुपारी मागच्या घरातून तो वास आला. भिजून आंबलेल्या गव्हाचा, जरा दुधाळ, जरा हिंगाचा. आणि माझ्या डोळ्यांपुढं उंट उभा राहिला. पटावरचा, तिरका चालणारा, एका पोरानं कान चावून तुटका केलेला. मी आत जाऊन म्हटलं, "अहो, यंदा थोड्या कुरडया घालू का?" तर पेपरातून डोकं न काढता उत्तर आलं, "घाल की. पण राखण कोण करणार? पोरं कुठायत आता हरायला?"

परक्याला वाटेल हे दोन वेगळ्या घरातल्या माणसांचं बोलणं चाललंय. आमच्या घरात मात्र कुरडया आणि हरणं हे एकाच वाक्यात येतं.

सगळी शिवाजी पेठ आमच्या ह्यांना सर म्हणते. मीही इथं सरच लिहिते. नाव घ्यायचा प्रश्न नाही आणि 'हे, हे' तरी किती वेळा लिहायचं. सर शाळेत गणित शिकवायचे आणि मे महिन्याच्या सुट्टीत बाहेरच्या खोलीत पेठेतल्या पोरांना बुद्धिबळ. शाळेनं मोडीत काढलेली बाकडी होती, पुठ्ठ्याचे पट होते, आणि सोंगट्या अशा की एका डावात वजिराच्या जागी सुपारी आणि दुसऱ्या डावात हत्तीच्या जागी दौतीचं टोपण. पोरांना त्याचं काही वाटायचं नाही. सुपारीला वजीर म्हटलं की ती वजीर.

मी मधल्या दारात, पडद्याच्या आड. चौथीपर्यंत शिकलेली बाई, परक्या पोरांच्या आयांसमोरही मला बोलता यायचं नाही. पण पडदा फार दिवस वापरून, धुऊन धुऊन आखडला होता. खाली चांगली हातभर फट. त्यामुळं मला पटाच्या आधी पाय दिसायचे. बाकड्यावर बसलेल्या पोरांचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, लोंबकळायचे, झोके घ्यायचे. एकदा रात्री जेवताना सर म्हणाले, "पोरगं काही मारायच्या बेतात आलं की पाय हलवायचं थांबतं. मग मी बघतो, कुठं नजर चोरतंय. तितं असतंय त्याचं लक्ष." मी म्हटलं, "मग पटाकडं कधी बघता?" म्हणाले, "पट काय, मांडला तसा असतो की. बदलतंय ते पोरगं."

सरांची शिकवायची रीत अशी होती. पुस्तक नाही, पाठांतर नाही. पोरगं अडलं की म्हणायचे, "तुझ्या मनाला काय येतंय?" पोरगं म्हणायचं, "घोडा." "मग का थांबलास?" "भ्या वाटतंय." "घोड्याचं का माझं?" "तुमचं." "मग घोडा खेळ. माझं बघू नंतर."

त्याच महिन्यात माझी वाळवणं. कुरडया, सांडगे, पापड, सगळं वर गच्चीवर जुन्या धोतरावर. आणि कावळे. पेठेतले कावळेही पेठेतल्या माणसांसारखेच, हाकललं तरी जवळच बसून बोलत राहणारे. मी एकटी किती वेळ बसणार? तर एका वर्षी एक पोरगं हरलं आणि भोकाड पसरून रडायला लागलं. सर म्हणाले, "रडू नको. गच्चीवर जा, काकूंच्या कुरडयांवरचे कावळे हाकल. डोकं थंड होईल." मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर डोकं थंड होतं, हे फक्त सरांनाच माहीत. पण पोरगं गेलं, अर्ध्या तासानं खाली आलं ते हसत. तेव्हापासून नियमच झाला. हरेल तो गच्चीवर. हातात काठी, डोक्यावर काळी छत्री.

पोरगं हसत का आलं ते मला संध्याकाळी कळलं. धोतराच्या एका कोपऱ्यातल्या कुरडया गायब. अर्धवट वाळलेली कुरडई कुणी खाल्ली नसेल त्याला त्यातली गंमत कळणार नाही. बाहेरून चिवट, आतून ओली, खारट, दाताला चिकटणारी. पोरं त्या कुरडईसाठी मुद्दाम हरायला लागली. वजीर उघड्यावर नेऊन ठेवायची आणि वर बघत बसायची. पण सरांपुढं हे चालायचं नाही. लगेच हात धरायचे. "ही हार खोटी हाय. मांड परत." खरी हार आणि खोटी हार सरांना लांबून ओळखू यायची. कशी, ते विचारलं तर म्हणायचे, "खोटं हरणाऱ्याला फार घाई असते."

आणि गंमत अशी की पेठेत सगळ्यांत सुंदर खोटं हरायचे ते सर स्वतः.

प्रत्येक पोराशी एकदा. फक्त एकदाच, आणि कधी ते त्यांनी मनात ठरवलेलं. पोरगं पिकलं पाहिजे, एवढंच म्हणायचे; बाकीचं मी ताडलं. सर लवकर हरले तर पोराला वाटतं सगळं सोपं आहे, उशीर झाला तर ते सोडून जातं. मग एखाद्या दुपारी सर घाम पुसायचे, कपाळाला आठ्या घालायचे, हत्ती उचलून परत ठेवायचे, आणि शेवटी हळूच राजा आडवा करायचे. पोरांचा एकच गिल्ला. नियम तो नियम. सर छत्री घ्यायचे, काठी घ्यायचे आणि गच्चीवर जाऊन बसायचे. समोरच्या तालमीच्या कट्ट्यावर वस्ताद बसलेले असायचे, पेठेतल्या निम्म्या पैलवानांना शिकवलेले. ते ओरडायचे, "आज सरांना कुणी चीत केलं रं?" आणि ज्यानं केलं ते पोरगं रस्त्यात उभं राहून छातीवर हात मारायचं. दुसऱ्या दिवशी दूधवाला, पीठगिरणीवाला, सगळे त्या पोराला 'या पैलवान' म्हणायचे. असा मान त्या पोराला पुढं लग्नातही मिळाला नसेल.

हे खोटं हरणं मला कसं कळायचं? पाण्यावरून. उन्हात जाऊन बसायचं म्हणून सर आधी तांब्याभर पाणी पिऊन घ्यायचे. डाव रंगात आलेला असायचा आणि बाहेरून ऐकू यायचं, "पाणी आण गं." मी समजून जायचे, आज कुणाचं तरी भाग्य उजळणार. पोरांना यातलं काही कळायचं नाही. तहान कुणालाही लागते. मी तांब्या पडद्याखालून सरकवायचे आणि बोलायचे नाही. सरांनाही कधी सांगितलं नाही की मला ठाऊक आहे.

त्यांच्यातच एक अभिजित होता. त्यानं सरांना दहाव्या वर्षी गच्चीवर पाठवलं होतं आणि ते तो कधी विसरला नाही. पुण्याला जाऊन इंजिनीअर झाला, तिथंही म्हणे सगळ्यांना सांगायचा. मी पाण्याचा तांब्या भरलेली ती दुपार मला स्वच्छ आठवते. पण त्याच्या आईनं पेढे वाटले तेव्हा मी पेढा खाल्ला आणि गप्प बसले.

हा अभिजित नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटाला कोल्हापूरला परत आला तो कॉम्प्युटर घेऊन. राजारामपुरीत एका औषधाच्या दुकानावर जागा घेतली आणि पाटी लावली. कॉम्प्युटरवर बुद्धिबळ. त्याच सुमाराला परदेशात कुठंतरी मशीननं जगातल्या मोठ्या खेळाडूला हरवल्याचं पेपरात आलेलं, त्यामुळं लोकांना पाटीचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

तो आधी सरांच्या पाया पडायला आला. मी चुलीवर चीक हाटत होते. चीक शिजताना हात थांबवायचा नसतो, म्हणून मी आतच राहिले. तो सवयीनं आत आला आणि म्हणाला, "काकू, चीक शिजला हे कसं कळतं हो तुम्हाला?"

मी म्हटलं, "आवाजावरनं. आधी बुडबुड करतो, मग फटफट, मग जड होऊन गप होतो."

"किती मिनिटं?"

"मिनिटं न्हाईत बाबा त्याला."

"असतात की काकू. आपण मोजत न्हाय एवढंच." आणि त्यानं मनगटावरचं घड्याळ धरलं.

त्यानं विचारलं म्हणून मी आवाजाकडं जास्तच लक्ष द्यायला लागले, आणि लक्ष देता देता हात मंद झाला. त्या दिवशी माझ्या चिकात गुठळ्या झाल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. अभिजितनं वेळ, पाणी, सगळं आईला सांगितलं; तिचा चीक आरशासारखा झाला. तिनं तो मला वाटीतून पाठवला. चांगलं मन होतं हो तिचं, पण ती वाटी मी उलटी घालून आठवडाभर तशीच ठेवली होती.

बाहेर सरांना तो सांगत होता, "सर, मशीन प्रत्येक खेळीला आकडा देतं. कोण किती पुढं, किती मागं, सगळं दिसतं. पोरांना चूक कुठं झाली ते लगेच कळतं."

सर म्हणाले, "आणि मनाला आलं म्हणून खेळली असंल तर?"

"मनाला आलं ह्याला आकडा न्हाय, सर. एकदा बसून बघा की त्याच्याबरोबर."

एवढंच बोलणं. पण खिडकी उघडी होती आणि कट्ट्यावर वस्ताद होते. संध्याकाळपर्यंत पेठेत झालं की सरांची मशीनबरोबर कुस्ती लागली.

मी सरांना म्हटलं, "नाही म्हणा." ते म्हणाले, "नाही कसं म्हणू? पोरं बघालीत." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. सर जिंकणार नाहीत याची नाही. पोरांच्या देखत खरं हरले तर ते पुन्हा पटाला हात लावणार नाहीत, याची. माणूस मी ओळखून होते.

सामना तालमीत. वेळ वस्तादांनी ठरवली, चार. कारण चार ते पाचच्या मध्ये रोज कधीतरी लाईट जायची. "सर, काळजी करू नगा," ते हळूच म्हणाले, "तासभर नुसतं टिकून ऱ्हावा. गडी आपोआप झोपतोय." मशीन राजारामपुरीतून रिक्षानं आलं. अभिजितनं मशीनचा काचेचा पडदा मांडीवर घेतलेला, चादरीत गुंडाळून, दवाखान्यातून बाळंतीण बाळ घरी आणते तसा. वस्तादांनी नारळ फोडला. मशीनला हळदकुंकू लावायला निघाले तेव्हा अभिजित मध्ये पडला.

"ह्याचा खुराक काय?" वस्तादांनी विचारलं.

"करंट."

"नुसता? दूध, बदाम काय न्हाय? मग ताकद कुठनं येतीया?"

हलगीवाला आलेला. कुणीतरी सरांना फेटा बांधायला घेतला, सरांनी तो काढून एका पोराच्या डोक्यावर ठेवला. आम्ही बायका पलीकडच्या माडीवरून बघत होतो. मी सगळ्यांच्या मागं. पण मला बघायला नकोच होतं, ऐकू येत होतं तेवढं पुरे.

डाव सुरू झाला. सर विचार करून खेळायचे, अभिजित ती खेळी मशीनला सांगायचा, आणि सरांनी हात मागं घ्यायच्या आत उत्तर. हलगीवाल्याला हलगी वाजवायला फटच मिळेना. मग मी मान काढून बघितलं. सर वाकून टेबलाखाली बघत होते.

"सर, खाली काय सांडलं काय?" वस्ताद ओरडले. सगळी तालीम हसली.

मला हसू आलं नाही. सर पाय शोधत होते.

टेबलाखाली नुसता डबा. घर्रर्र करत होता, हलतही नव्हता, थांबतही नव्हता. ज्याला नजर नाही त्यानं ती चोरायची कुठून? सर परत वर बघायचे, त्या निळ्या काचेकडं, जशी माणसं देवळात गर्दीमुळं देव दिसला नाही की नुसत्या कळसाकडं बघतात. आणि लाईट? सगळ्या मे महिन्यात जी रोज चारनंतर गेली ती त्या दिवशी गेली नाही. वस्ताद पंख्याकडं बघून बघून मान दुखवून बसले. दुसऱ्या दिवशी ते खरंच वीज कचेरीत भांडायला गेले होते, "काल लाईट का न्हाय घालवली" म्हणून.

तासभर राहिलं बाजूला. सरांनी राजा आडवा केला. वस्ताद म्हणाले, "हात मिळवा. कुस्ती झाली की हात मिळवायचा असतोय." मग त्यांच्याच लक्षात आलं. "पर ह्याला हात कुठाय?"

सरांनी वाकून त्या डब्यावर हात ठेवला. जरा वेळ ठेवला. म्हणाले, "तापलाय की रं. म्हंजे थोडं दमवलं मी."

लोक हसले, टाळ्या वाजवल्या, पांगले. सर घरी आले, दारामागची छत्री घेतली आणि गच्चीवर गेले. ऊन उतरलेलं, वाळवण मी कधीच गोळा केलेलं. राखायला काही नव्हतं. पण नियम तो नियम. अंधार पडेपर्यंत छत्री उघडून बसले. त्या दिवशी वस्तादांनी खालून हाक मारली नाही.

त्यांनी पाणी मागितलं नव्हतं. आणि मला तांब्या घेऊन वर जायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून पोरं कमी झाली. आयाबापांचं तरी काय चुकलं? जिंकणाऱ्याकडं पाठवणारच. दोन-चार आली त्यांना सरांनीच सांगितलं, "राजारामपुरीला जा. तितं चांगलं शिकवतात." पट, सोंगट्या, सुपारीचा वजीर, सगळं पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. बाहेरच्या खोलीत एवढी शांतता झाली की मला पडद्याआड उभं राहायचं कारण उरलं नाही. वर कावळ्यांचं मात्र फावलं. मी एका कोपऱ्यातून हाकलायचे, ते दुसऱ्यात उतरायचे. सर आत आढ्याकडं बघत पडलेले असायचे. एकदा मी म्हटलं, "जरा वर बसता का?" म्हणाले, "मी काय आज हरलोय?" आणि मग स्वतःशीच, "हां, म्हणजे तसं हरलोयच."

जाणाऱ्यांत पमी होती. ती गेली त्याचं सरांना सगळ्यांत जास्त लागलं. गवळ्याची पोरगी, नऊ-दहा वर्षांची, परकराला कायम शेणाचा डाग, आणि पाय असे झुलायचे की बाकडं करकरायचं. तिच्याशी हरायचं सरांचं राहून गेलं होतं. "अजून जरा पिकू दे," म्हणत राहिले. पिकायच्या आत ती गेली.

मेच्या शेवटी, माझा शेवटचा घाणा चालू असताना, मागच्या दारातून आवाज आला.

"काकू, चीक हाय काय?"

मी वाटीत चीक घातला, वर दूध, साखर. पमी उंबऱ्यावर बसून खायला लागली. मी विचारलं, "कसा चाललाय क्लास?"

"चांगला हाय. फॅन हाय, फिरायची खुर्ची हाय." बोट चाटत म्हणाली, "पर हरलं की कायच हुत न्हाय तितं. परत तेच चालू हुतंय. काल अभिजितदादांनी लेव्हल का काय ती कमी केली, तर मी जिंकली."

"मग?"

"मग काय! त्याला कायच वाटलं न्हाय, काकू. मी खुर्चीवरनं उठून नाचली, ते तसंच बसलंय. त्याला कुठंतरी पाठवाय पायजे का नगो?"

आतून सर ऐकत होते. मला त्यांचं कूस बदलणं ऐकू आलं. पमी वाटी ठेवून सरळ आत गेली. "सर, डाव टाकायचा?"

"मी काय शिकवणार तुला? मी हरलोय त्याच्याकडनं."

"मीबी रोज हरतिया. म्हंजे आपण सारखंच झालो की."

सरांनी पोतं खाली काढलं. माळ्यावर बाकी सगळं मिळालं पण सुपारी सापडेना, उंदरानं नेली असावी. मी डब्यातून दुसरी काढून पडद्याखालून सरकवली.

मी चुलीपाशी. चीक हाटताना कान बाहेर. मनात एकच. आता मागा पाणी. आज ही पोरगी जिंकली पाहिजे, आणि ते तुम्हाला कळतंय, मला ठाऊक आहे. तांब्या भरून ठेवलेला. पण हाक येईना. सोंगट्यांची टकटक, मग बराच वेळ काही नाही, मग टकटक. मला वाटलं, सर हट्टाला पेटले. मशीनचा राग पोरीवर काढणार. दोनदा वाटलं, न मागताच पाणी द्यावं. मग राहवेना, चीक तसाच सोडून पडद्यापाशी गेले आणि खालच्या फटीतून बघितलं.

पमीचे पाय लोंबकळत होते, पण हलत नव्हते. अजिबात. इतके दिवस जिच्या समोर माणूसच नव्हतं ती पाय हलवणार कुणासाठी? सर वाकून वाकून बघत होते, ते पाय कधी थांबतात म्हणून, आणि ते आधीच थांबलेले.

मग पमीचा आवाज, एकदम बारीक. "सर... शह हाय."

आणि बऱ्याच वेळानं सरांचा. "शह न्हाय गं बाई. मात हाय."

मग बाकडं पडल्याचा आवाज, पमी रस्त्यात, तिची किंकाळी पार रंकाळ्यापर्यंत गेली असेल. वस्ताद कट्ट्यावर उभेच राहिले. "सरांना गवळ्याच्या पोरीनं! आरं हलगी कुठाय, हलगी!" आणि सर छत्री घेऊन जिन्यानं वर, दोन-दोन पायऱ्या एकदम.

मी तांब्या घेऊन मागून गेले. भर उन्हात कुरडयांच्या मध्ये बसलेले, शर्ट घामानं चिंब, आणि तोंड असं की लग्नाच्या फोटोतही एवढं खुललेलं नाही. मी तांब्या पुढं केला. ते घटाघटा प्यायले. मी एवढंच म्हटलं, "आज पाणी नाही मागितलं?"

"मागायला वेळ कुठं दिला पोरीनं!"

खाली चीक करपला होता. त्या वर्षीचा दुसरा घाणा गेला. मला त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी अभिजित आला. पमीनं त्याला सगळा डाव तोंडपाठ सांगितला होता, त्यानं तो मशीनला घातला. "सर, मशीन म्हणतंय पमीनं घोडा पुढं घातला ती चूक होती. तुम्ही उंट मागं घेतला असता तर जिंकला असता."

सरांनी पट मांडून बघितलं. खरंच तसं होतं. म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. मला दिसलंच न्हाय. आणि तिला विचारलंस, घोडा का घातला?"

"विचारलं. म्हणाली, मनाला आलं."

मग अभिजित हसायला लागला, मग सर. मी आतून चहा दिला. त्या दिवसापासून असं ठरलं की पोरांनी सकाळी राजारामपुरीत जाऊन मशीनकडून चुका काढून घ्यायच्या आणि दुपारी इकडं येऊन त्या करायच्या. हे वाक्य वस्तादांचं. कुरडयांची राखण परत सुरू झाली. पुढच्या मे महिन्यात अभिजितची आई माझ्याकडं चीक हाटायला बसायची, घड्याळ घालून. मी आवाज ऐकायचे, ती काटा बघायची. बहुतेक वेळा दोघी एकदमच 'झालं' म्हणायचो. एकदा मी आधी म्हटलं, तेव्हा तिचं घड्याळ बंद पडलेलं निघालं. एकदा ती आधी म्हणाली, तेव्हा मी गप्पा मारत होते.

आता ती पोरं मोठी झाली. अभिजितच्या क्लासात आता कॉम्प्युटरच्या रांगा आहेत म्हणतात, आणि पोरं घरी बसून कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांशी खेळतात, ज्यांचे पाय कुणालाच दिसत नाहीत. पमी नागपूरला नोकरीला असते. फोन करते तेव्हा आधी चिकाचं विचारते, मग सरांचं. सर निवृत्त झाले, गुडघे गेले. दुपारी आम्ही दोघंच. एक दिवस ते म्हणाले, "बस, तुला शिकवतो." मी म्हटलं, "मला येतं." त्यांना ते खरं वाटलं नाही. पण पडद्यामागं एवढे मे महिने काढल्यावर उंट तिरका जातो हे भिंतीलाही कळलं असतं.

तेव्हापासून मी रोज हरते. हरले की भांडी. वाळवण नव्हतंच, मग गच्ची कशाला?

त्या दिवशी वास आला म्हणून मी थोडे गहू भिजवले, तीन दिवस पाणी बदललं आणि काल थोड्याच कुरडया घातल्या. आज दुपारी डाव मांडला. आज मला काय झालं होतं कुणास ठाऊक, माझा घोडा असा जाऊन बसला की सरांचा राजा कोपऱ्यात. आणि तेवढ्यात सर, अगदी सहज, चष्मा पुसत म्हणाले, "पाणी आण गं."

मी उठले नाही.

आयुष्यात त्यांनी पाणी मागितलं आणि मी उठले नाही, असं पहिल्यांदा. म्हटलं, "तहान लागलीया, का हरायचंय?"

सरांचा चष्मा हातातच राहिला. म्हणाले, "कधीपासनं ठाऊक हाय?"

"अभिजितच्या आधीपासनं."

"आणि बोलली न्हाईस?"

"तुम्ही तरी कुठं बोललासा? खेळा नीट. मला खोटं जिंकायचं न्हाय."

सरांनी चष्मा घातला, खुर्ची पुढं ओढली आणि पटाकडं असं बघितलं, जसं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तो डाव मी कुठं सोडला मला कळलंही नाही. थोड्याच वेळात माझा राजा आडवा. सरांनी दया दाखवली नाही, एका प्याद्याएवढीही नाही.

मी दारामागची छत्री घेतली. काठी घेतली. वर गेले.

आमची गच्ची सगळ्या रस्त्याला दिसते. म्हणूनच आजवर मी उन्हाळ्यातही पदर डोक्यावर घेऊन, सावलीच्या बाजूनंच गेले आणि काम झालं की पटकन खाली आले. आज मधोमध बसले. खाली कट्ट्यावर वस्ताद होते, आता पार थकलेले, पण डोळे शाबूत.

"आं? वैनी, आज तुम्ही व्हय?"

एवढ्या वर्षांत मी त्यांना दाराआडून 'घरात नाहीत' आणि 'येतील आता' याशिवाय काही बोलले नव्हते. मी छत्री मागं सारली आणि ओरडून सांगितलं, "व्हय वस्ताद, हरले! खरं हरले!"

रस्त्यातली दोन-तीन माणसं थांबून वर बघायला लागली. वस्तादांना काही कळलं नसावं, पण त्यांनी मांडीवर थाप मारली.

मागं जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. सर तांब्या घेऊन वर येत होते. येईपर्यंत निम्मं पाणी सांडलेलं. माझ्याजवळ टेकले, गुडघा धरून. मी उरलेलं पाणी प्यायले. तेवढ्यात समोरून एक कावळा उतरला, त्यानं नीट बघून एक कुरडई निवडली आणि घेऊन गेला. आम्ही दोघांनीही बघितलं. काठी माझ्या हातातच होती.